चैत्रवारा आणि एक ठिणगी

वसंत ऋतूचे वर्णन आपल्याकडे सहसा पालवीने सुरू होते. पळस-पांगाऱ्याची लाली, आम्रमोहराचा दरवळ, कडुनिंबाची कोवळी पाने आणि चैत्रगौरीपुढील कैरीची डाळ व पन्हे यांनी फाल्गुन-चैत्राचे दिवस साजरे होतात. परंतु पालवीच्या आधी पानगळ होते. जंगलाच्या तळाशी वाळक्या पानांचा थर साचतो, माळावरचे गवत पिवळे पडते, शेतात गहू वाळून काढणीला येतो आणि गावोगावी पेंढ्याच्या व कडब्याच्या गंज्या उभ्या राहतात. देशाच्या फार मोठ्या भूभागावर या दोन-तीन महिन्यांत जणू जळण पसरून ठेवलेले असते. त्यावरून दुपारचा कोरडा वारा वाहू लागला, की चुलीत विसरलेला एक निखारा पुरेसा होतो.

पावसाळ्याच्या अंदाजाकडे सारा देश डोळे लावून बसतो. शेतकरी, व्यापारी, बँका, शासन या सर्वांचे आडाखे त्यावर ठरतात. वसंतातील वाऱ्याचा अंदाज मात्र फारसा कोणी विचारत नाही. वास्तविक या अंदाजाचा उपयोग अधिक थेट आहे. पाऊस किती पडावा हे माणसाच्या हाती नाही; आग केव्हा पेटवावी आणि केव्हा पेटवू नये, हे मात्र पुष्कळसे त्याच्या हाती आहे. हवामानाचा अंदाज जेव्हा घरातल्या घड्याळाच्या काट्यांपर्यंत पोहोचतो, तेव्हा तो घरे वाचवतो, याची उदाहरणे बिहारच्या सपाट मैदानापासून कुमाऊंच्या डोंगरउतारांपर्यंत आढळतात.

ऋतूचा रागरंग

भारतीय हवामानशास्त्र विभाग मार्च ते मे या कालखंडाला मान्सूनपूर्व हंगाम म्हणतो. हिवाळ्यात भूमध्य समुद्राच्या बाजूने येणारे पश्चिमी झंझावात उत्तर भारताला थोडाफार पाऊस देतात. ते क्षीण राहिले, तर फेब्रुवारीअखेरीसच जमिनीतील ओल कमी झालेली असते. मार्चमध्ये सूर्य विषुववृत्त ओलांडून उत्तरेकडे सरकतो, जमीन झपाट्याने तापू लागते आणि राजस्थानच्या वाळवंटी प्रदेशावरून निघालेली कोरडी हवा गंगेच्या मैदानात पूर्वेकडे वाहू लागते.

पूर्व उत्तर प्रदेश आणि बिहारमधील शेतकरी वाऱ्याचे दोन स्वभाव पिढ्यान्‌पिढ्या ओळखतो. बंगालच्या उपसागराकडून येणारी ती ‘पुरवा’ – दमट, अंगाला चिकटणारी. पश्चिमेकडून येणारी ती ‘पछुवा’ – कोरडी, ओठ फाडणारी, गव्हाची ओंबी चार दिवसांत खडखडीत वाळवणारी. काढणीसाठी पछुवा हवीच असते, कारण ओले धान्य साठवता येत नाही. मात्र जो वारा धान्य वाळवतो, तोच घरावरचे फुसाचे छप्पर, गोठ्यातील पेंढा आणि खळ्यावरची रासही वाळवतो. शेतकऱ्याचा मित्र आणि वैरी या ऋतूत एकाच दिशेने येतात.

एप्रिलच्या मध्यापासून या चित्रात वादळांची भर पडते. छोटा नागपूरच्या पठारावर दुपारी उभे राहिलेले मेघ संध्याकाळी बंगालकडे धाव घेतात. त्यांना तेथे ‘कालबैशाखी’ म्हणतात. उत्तर प्रदेश व राजस्थानात धुळीची ‘आंधी’ उठते. या वादळांत पावसाच्या आधी वाऱ्याचा जोरदार लोट येतो आणि काही मिनिटांत त्याची दिशा पालटते. २ मे २०१८ च्या रात्री अशाच वादळाने उत्तर प्रदेश व राजस्थानात मिळून शंभराहून अधिक बळी घेतले. ज्या परिसरात आधीच कोठे आग धुमसत असेल, तेथे अशा वाऱ्याचा पहिला झोत पावसाच्या सरीपूर्वी पोहोचतो, ही बाब विशेष ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

नऊ ते सहा

२०१६ च्या एप्रिल महिन्यात बिहारमध्ये गावोगावी आगी लागल्या. कडक ऊन, जोराची पछुवा आणि एकमेकांना खेटून उभी असलेली फुसाची घरे यांमुळे एका छपराची ठिणगी पाहता पाहता संपूर्ण टोला कवेत घेई. अनेक माणसे आणि गुरे दगावली. त्या वेळी राज्य शासनाने काढलेली सूचना देशभर चर्चेचा विषय झाली. सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा या वेळेत गावांमध्ये चूल पेटवू नये, होमहवन करू नये, गव्हाचे काड जाळू नये, असा तिचा आशय होता. आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ अन्वये शिक्षेची तरतूदही त्यासोबत सांगण्यात आली.

शहरी वाचकाला ही सूचना प्रथमदर्शनी विचित्र वाटली. दिवसा स्वयंपाक करू नये म्हणजे काय, असा प्रश्न अनेकांनी उपहासाने विचारला. परंतु या नऊ तासांमागे हवामानशास्त्राचा भक्कम आधार आहे.

रात्री जमीन थंड होते, तशी तिच्यालगतची हवाही थंड आणि जड होऊन स्थिरावते. काहीशे मीटर उंचीवर वारा वाहत असला, तरी तो खाली उतरत नाही. म्हणूनच पहाटे गावातील धूर सरळ वर जाताना किंवा छपरांवर रेंगाळताना दिसतो. सूर्योदयानंतर जमीन तापते, तापलेली हवा वर चढू लागते आणि तिची जागा घेण्यासाठी वरची वेगवान हवा खाली येते. सकाळी नऊ-दहाच्या सुमारास ही घुसळण जोर धरते आणि दुपारी ती शिगेला पोहोचते. त्याच वेळी तापमान सर्वाधिक आणि हवेची सापेक्ष आर्द्रता सर्वांत कमी असते. पेंढा, वाळके गवत, गळालेली पाने यांसारखे बारीक जळण तासाभरातच भोवतालच्या हवेइतके कोरडे होते. संध्याकाळी सूर्य कलला, की वारा मंदावतो, हवा किंचित ओलसर होते आणि तेच गवत पुन्हा थोडा ओलावा शोषून घेते. सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा ही वेळ म्हणजे दिवसातील सर्वांत उष्ण, सर्वांत कोरडी आणि सर्वांत वादळी वेळ होय.

वारा आगीला तीन प्रकारे साहाय्य करतो. तो तिला प्राणवायू पुरवतो. ज्वाळा पुढे झुकवून समोरचे जळण आधीच तापवून ठेवतो. आणि पेटलेल्या काडीला पंख देऊन दूरच्या छपरावर नेऊन टाकतो. मोकळ्या माळावरील पूर्ण वाळलेल्या गवतात आग वाऱ्याच्या वेगाच्या सुमारे पाचव्या हिश्श्याने पुढे सरकते, असा एक ढोबळ आडाखा आहे. ताशी ४० किलोमीटरचा वारा असेल, तर आगीचा वेग ताशी आठ किलोमीटरच्या घरात जातो. चालणारा माणूस ताशी पाच किलोमीटर जातो. वृद्ध, बालके आणि दाव्याला बांधलेली जनावरे यांच्यासाठी या दोन आकड्यांमधील अंतर हे जीवन-मरणाचे अंतर ठरते.

या सूचनेचा भार मुख्यतः स्त्रियांवर पडतो, हेही नमूद केले पाहिजे. नऊच्या आत दुपारचे जेवण रांधून ठेवायचे, तर पहाटे चारला उठावे लागते. शिवाय काढणीच्या दिवसांत शेतावरही जावे लागते. तान्ह्या मुलाचे दूध दुपारी गरम करणे ही चैन नसते. बंदीइतकेच महत्त्व म्हणूनच तिच्या जोडीने दिल्या जाणाऱ्या व्यावहारिक सूचनांना आहे. फुसाच्या भिंतींना दोन्ही बाजूंनी मातीचा गिलावा द्यावा, चुलीभोवती मातीचा आडोसा उभारावा, स्वयंपाक आटोपताच निखाऱ्यांवर पाणी ओतावे, घराजवळ पाण्याने भरलेली भांडी व वाळू ठेवावी, गंजी घरापासून दूर रचावी, या त्या सूचना होत. त्याच वसंतात, १ मे २०१६ रोजी, पूर्व उत्तर प्रदेशातील बलिया येथे पंतप्रधान उज्ज्वला योजनेचा आरंभ झाला. स्वयंपाकाच्या गॅसचा विचार आपण धुरापासून सुटका म्हणून करतो. पछुवेच्या प्रदेशात उडत्या ठिणग्यांपासून सुटका हा त्याचा दुसरा लाभ आहे. अर्थात सिलिंडर व नळीची काळजी घेतली तरच.

पिकलेल्या गव्हाचे शेत

घरांइतकीच चिंता उभ्या पिकाची असते. मार्चअखेर ते एप्रिल हा गंगेच्या मैदानात गहू काढणीचा काळ. पंजाब-हरियाणात तो वैशाखीच्या सुमारास सुरू होतो. पिकलेला गहू म्हणजे सहा महिन्यांची मेहनत, घरचे वर्षाचे धान्य आणि पीककर्जाची परतफेड. वाऱ्याने झोके खाणाऱ्या सैल विद्युत तारा एकमेकींवर घासल्या, की ठिणग्या खाली पडतात. रोहित्रातून ठिणगी उडते. काढणी यंत्राच्या तापलेल्या भागावर भुसा साचून पेट घेतो. बांधावर फेकलेली विडी तर सर्वत्र आढळणारे कारण.

यावरचे उपायही साधे आहेत. रोहित्राच्या भोवतालचा थोडा गहू इतरांच्या आधी कापून घेऊन ती जागा ओली ठेवावी, ही सूचना पंजाबात दरवर्षी दिली जाते. शेताच्या कडेने नांगराचे दोन-चार तास फिरवून मातीची उघडी पट्टी ठेवली, तर गवतातून येणारी आग तेथे अडते. काढणी यंत्रावर अग्निशामक नळकांडे आणि शेताच्या कडेला पाण्याचा टँकर किंवा फवारणीचे भरलेले पंप असणे ही अल्प खर्चाची, परंतु मोठ्या मोलाची तयारी होय. शेजाऱ्याचा गहू उभा असताना आपले काड पेटवू नये, हा तर शेजारधर्मच आहे.

चीड, मोह आणि गवत

मैदानातून डोंगराकडे वळले, की जळणाचे रूप बदलते. वाऱ्याचा न्याय तोच राहतो. उत्तराखंडात सुमारे चार लाख हेक्टरांवर चीडवृक्षाची वने आहेत. मार्च ते मे या काळात चीडाची सुईसारखी पाने गळून जमिनीवर जाड, राळयुक्त गालिचा तयार होतो. स्थानिक भाषेत त्याला ‘पिरूल’ म्हणतात. उतारावर आग नेहमी वरच्या बाजूला अधिक वेगाने धावते, कारण ज्वाळा वरच्या जळणाला आधीच भाजून काढते. दिवसा दरीतून वर चढणारा वारा तिला आणखी रेटा देतो. २०१६ मध्ये तेथील आगी इतक्या पसरल्या, की भारतीय हवाई दलाच्या एमआय-१७ हेलिकॉप्टरांना जलाशयातील पाणी उचलून वनांवर ओतावे लागले. जून २०२४ मध्ये बिनसर अभयारण्यात आग विझवण्यास गेलेले चार वनकर्मचारी जागीच मृत्युमुखी पडले. तामिळनाडूच्या तेनी जिल्ह्यातील कुरंगणी येथे ११ मार्च २०१८ रोजी गवताळ डोंगरावर गिर्यारोहकांचा गट वणव्यात सापडला आणि वीसहून अधिक जणांना प्राण गमवावे लागले. वणवा दुरून पाहताना संथ वाटतो. उतारावर आणि वाऱ्यात तो पळणाऱ्या माणसालाही गाठतो.

तथापि याच उत्तराखंडात अल्मोडा जिल्ह्यातील शीतलाखेत परिसराने एक आदर्श घालून दिला आहे. पेरणीपूर्वी शेतातील झाडझाडोरा व काटक्या गोळा करून जाळण्याची तेथील जुनी रीत आहे. या कचऱ्याला ‘ओण’ म्हणतात. पूर्वी हे काम एप्रिल-मे महिन्यांतही चाले आणि शेतातील आग वाऱ्याबरोबर जंगलात शिरे. गावकऱ्यांनी एकत्र येऊन ठरवले, की ओण जाळण्याचे काम ३१ मार्चपूर्वी, म्हणजे चीडाची पाने मोठ्या प्रमाणावर गळण्याआधी आणि वारा तापण्याआधी, पूर्ण करायचे. १ एप्रिल हा ‘ओण दिवस’ म्हणून पाळला जाऊ लागला. रीत मोडली नाही, केवळ तिची तारीख अलीकडे आणली. महिला मंगल दले आणि युवकांनी जंगलराखणीची जबाबदारी उचलली. बिहारने दिवसातील तास बदलले, शीतलाखेतने वर्षातील आठवडे बदलले. सूत्र एकच आहे.

मध्य भारताची परिस्थिती याहून वेगळी. गडचिरोली, बस्तर, मंडला, मयूरभंज या पट्ट्यात मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुले टपटप गळू लागतात. ती पहाटे वेचण्यासाठी झाडाखालची जमीन स्वच्छ हवी, म्हणून वाळका पाला पेटवला जातो. तेंदूच्या झुडपांना कोवळी पाने फुटावीत म्हणूनही काही ठिकाणी आग लावली जाते. यामागे दुष्ट हेतू नसतो. मोह आणि तेंदू हे अनेक आदिवासी कुटुंबांचे उन्हाळ्यातील प्रमुख रोख उत्पन्न आहे. परंतु झाडाखाली पेटवलेला पाला दुपारच्या वाऱ्यात जंगलभर पसरतो आणि पुढच्या पिढीचे मोहाचे रोपटेही त्यात जळते. पाला जाळण्याऐवजी झाडून दूर करणे, झाडाखाली जाळी बांधून त्यात फुले झेलणे, तेंदूच्या झुडपांची छाटणी करणे, हे पर्याय म्हणूनच पुढे आले आहेत. जाळीत पडलेले फूल मातीने माखत नसल्याने त्याची प्रतही चांगली राहते.

महाराष्ट्रात सह्याद्रीच्या गवताळ सड्यांवर आणि कोकणातील आंबा-काजूच्या बागांत हाच धोका वेगळ्या वेषात येतो. पावसाळ्यात पुरुषभर वाढलेले गवत शिमग्यानंतर वाळून कोळ झालेले असते. समुद्रावरून दुपारी येणारा वारा डोंगराच्या दिशेने वाहतो आणि पायथ्याशी लागलेला वणवा वर चढवतो. भाताच्या रोपवाटिकेसाठी राब भाजण्याची प्रथा कोकण व मावळात जुनी आहे. राब सकाळी लवकर, वारा पडलेला असताना, चहूबाजूंनी जमीन साफ करून आणि दोन माणसे राखणीला उभी करून भाजला, तर बाग वाचते. हापूसची दहा-पंधरा वर्षे जोपासलेली कलमे एका दुपारी होरपळतात, तेव्हा त्या वर्षीच्या फळांसोबत पुढील अनेक वर्षांचे उत्पन्नही जाते. वनविभाग फेब्रुवारीच्या सुमारास ‘जाळरेषा’ काढतो. वाळके गवत व पाला नियंत्रित रीतीने हटवून तयार केलेली ही मोकळी पट्टी आगीचा मार्ग तोडते. बागायतदारानेही आपल्या कुंपणालगत अशीच रेषा काढणे शहाणपणाचे आहे.

अंदाजाच्या पायऱ्या

वाऱ्याची आणि उष्णतेची पूर्वकल्पना आज पुष्कळ आधी मिळू शकते. हवामानशास्त्र विभाग मार्च ते मे या हंगामाच्या तापमानाचा दृष्टिक्षेप हंगामाच्या सुरुवातीलाच जाहीर करतो. त्यावरून कोणत्या विभागात ऋतू अधिक उष्ण राहील, याचा अदमास येतो. दर गुरुवारी पुढील चार आठवड्यांचा विस्तारित अंदाज निघतो. त्यानंतर काही दिवसांचा जिल्हावार अंदाज आणि शेवटी पुढील दोन-तीन तासांची तातडीची सूचना, अशा या उतरत्या पायऱ्या आहेत. वरच्या पायरीवरून तयारीचा महिना ठरवावा, मधल्या पायरीवरून काढणीचा व जाळरेषेचा आठवडा ठरवावा आणि खालच्या पायरीवरून दिवस व तास.

इशाऱ्यांना चार रंग दिलेले आहेत. हिरवा म्हणजे चिंता नाही, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे सज्ज राहा आणि तांबडा म्हणजे कृती करा. जोरदार भूपृष्ठीय वाऱ्याचा उल्लेख असलेला पिवळा इशाराही पेंढ्याच्या छपराखाली राहणाऱ्या कुटुंबाने गांभीर्याने घ्यावयास हवा, कारण वाऱ्याचा वेग दुप्पट झाला, तर त्याचा दाब चौपट होतो. शेतकऱ्यांसाठी मंगळवारी व शुक्रवारी कृषी हवामान सल्ला प्रसिद्ध होतो आणि ‘मेघदूत’ या मोबाइल उपयोजनावर तो मराठीसह अनेक भारतीय भाषांत पाहता येतो. मराठी वाचकांना अभिमान वाटावा अशी गोष्ट म्हणजे भारतातील कृषी हवामानशास्त्राचे संघटित कार्य १९३२ मध्ये पुण्यात सुरू झाले.

वनांसाठी वेगळी व्यवस्था आहे. डेहराडून येथील भारतीय वन सर्वेक्षण संस्था २००४ पासून उपग्रहांच्या साहाय्याने आगीची ठिकाणे टिपून राज्यांच्या वनविभागांना कळवते. २०१७ पासून अधिक सूक्ष्म विभेदनाची उपग्रह-साधने वापरात आल्याने लहान आगीही दिसू लागल्या. देशातील ३६ टक्क्यांहून अधिक वनाच्छादन वारंवार आगीच्या छायेत असल्याचे याच संस्थेच्या २०१९ च्या अहवालात म्हटले आहे. उपग्रह आग पाहतो. ती विझवण्यास मात्र हिरव्या फांद्यांचा झोडपा घेतलेला वनरक्षक आणि गावातील माणसेच धावतात. सूचना लवकर मिळाली, तर त्यांना वाऱ्याच्या पाठीमागून आगीजवळ जाता येते. उशिरा मिळाली, तर वाऱ्याच्या तोंडी जावे लागते.

पत्र्याच्या पेटीतील संसार

आगीत घर जळते म्हणजे नेमके काय जळते, याचा विचार बँकेच्या ग्राहकाने आणि कर्मचाऱ्याने आवर्जून करावा असा आहे. छप्पर पुन्हा शाकारता येते. पेटीत ठेवलेली लग्नासाठीची रोकड, जमिनीची कागदपत्रे, मुलांची प्रमाणपत्रे आणि दागिने यांची भरपाई तितकी सोपी नसते. काढणीनंतर धान्य विकून आलेला पैसा घरात ठेवण्याचा मोह याच महिन्यांत सर्वाधिक असतो आणि आगीचा धोकाही याच महिन्यांत. पैसा खात्यात जमा करणे, महत्त्वाच्या दस्तऐवजांच्या प्रती डिजिलॉकरसारख्या सुविधेत जतन करणे, मूळ कागदपत्रे व दागिने शक्य असल्यास लॉकरमध्ये ठेवणे आणि सर्व खात्यांवर नामनिर्देशन करणे ही कामे फाल्गुनातच उरकावीत.

विम्याबाबत काही गैरसमज दूर होणे आवश्यक आहे. २०१६ च्या खरीप हंगामापासून लागू झालेल्या प्रधानमंत्री पीक विमा योजनेत उभ्या पिकासाठी नैसर्गिक आग व वीज यांचा समावेश आहे. टाळता येण्याजोग्या धोक्यांना, म्हणजे निष्काळजीपणाने लागलेल्या आगीसारख्या कारणांना, तिचे संरक्षण नाही. वीज पडून लागलेल्या आगीसारख्या स्थानिक आपत्तीची सूचना ७२ तासांच्या आत द्यावी लागते. त्यानंतर दावा अडचणीत येतो. काही राज्यांच्या स्वतंत्र साहाय्य योजना आहेत. उत्तर प्रदेशात शेत व खळ्यावरील अग्निकांडांसाठी अशी योजना आहे. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीतून साहाय्य देण्याजोग्या आपत्तींच्या यादीतही आगीचा समावेश होतो. अशा प्रत्येक ठिकाणी पंचनामा, छायाचित्रे आणि वेळेवर दिलेली लेखी सूचना यांवरच पुढचे सारे अवलंबून असते.

घरासाठी १ एप्रिल २०२१ पासून ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी उपलब्ध आहे. तिच्यात आग, वीज, वादळ यांबरोबर वणव्याने होणारी हानीही समाविष्ट आहे. प्रस्ताव भरताना घराच्या बांधकामाचा प्रकार अचूक लिहिणे मात्र महत्त्वाचे, कारण चुकीची माहिती दाव्याच्या वेळी आड येते. शाखांमधील कर्मचाऱ्यांसाठीही हा ऋतू जागरूकतेचा आहे. तारण मालाच्या गोदामाची पाहणी करताना साठ्याच्या नोंदीबरोबर भोवतालचे गवत काढलेले आहे काय, वायरिंग सुस्थितीत आहे काय, अग्निशामक नळकांड्याची मुदत संपली आहे काय आणि विमा पॉलिसीवरील गोदामाचा पत्ता व रक्कम बरोबर आहे काय, हे चार प्रश्न विचारण्यास पाच मिनिटे पुरतात.

एप्रिलचा एक आठवडा

दरवर्षी १४ ते २० एप्रिल हा आठवडा देशभर अग्निशमन सेवा सप्ताह म्हणून पाळला जातो. त्याचा संबंध मुंबईशी आहे. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत नांगरलेल्या ‘फोर्ट स्टिकीन’ या जहाजाला दुपारी आग लागली. जहाजात कापसाच्या गासड्या होत्या आणि स्फोटकेही होती. ती आग विझवण्याच्या प्रयत्नात असतानाच प्रचंड स्फोट झाले आणि अग्निशमन दलाचे ६६ जवान हुतात्मा झाले. त्यांच्या स्मृतीचा हा आठवडा पंजाब-हरियाणातील गव्हाच्या कापणीशी, बिहारमधील पछुवेशी, मध्य भारतातील मोहाच्या वेचणीशी आणि कुमाऊंमधील पिरूलगळीशी नेमका जुळून येतो.

या सप्ताहात शहरांतून संचलने होतात, प्रात्यक्षिके होतात, कार्यालयांतून शपथ घेतली जाते. त्यांच्या जोडीला प्रत्येक कुटुंबाने काही साध्या गोष्टी केल्या, तर त्या स्मृतीला अर्थ येईल. सकाळी घराबाहेर पडताना चूल किंवा शेगडी पूर्ण विझली आहे याची खात्री करावी. दुपारच्या वेळी पालापाचोळा वा काड पेटवू नये. प्रवासात वाहनाच्या खिडकीतून विडी-सिगारेटचे थोटूक फेकू नये. घाटातील गवताला तेवढे पुरते. वाऱ्याचा इशारा वाचला, तर तो गावाकडील वडीलधाऱ्यांना दूरध्वनीवरून कळवावा. आग दिसताच १०१ किंवा ११२ या क्रमांकावर सूचना द्यावी आणि मगच ती विझवण्यास धावावे. एकट्याने धावल्यास मदत येण्याचा मोलाचा वेळ वाया जातो.

चैत्राचा वारा वाहणारच. त्याच्यावाचून गहू वाळत नाही आणि मळणी होत नाही. तो कोणत्या दिवशी जोर धरणार, हे सांगणारी यंत्रणा आज देशापाशी आहे. त्या दिवशी नऊच्या आत चूल विझवणारी बिहारमधील गृहिणी आणि मार्च संपण्यापूर्वी ओण जाळून मोकळा होणारा कुमाऊंमधील शेतकरी यांनी त्या अंदाजाचे पुढचे काम आपल्या हाती घेतले आहे.